उरलेले एकोणसत्तर

१९५२ साली 'नॉर्डिस्क मेडिसिन' या स्कँडिनेव्हियन वैद्यकीय नियतकालिकात एक लेख आला. लिहिणारे व्हिक्टर हेन्रिक्सन, स्वीडनमधल्या गॉथेनबर्ग शहरातले सर्जन. त्यांनी एका ३२ वर्षांच्या लठ्ठ बाईच्या लहान आतड्याचा १०५ सेंटिमीटरचा भाग कापून काढला होता. आतड्याला काही रोग झाला नव्हता. अन्न कमी शोषलं जावं आणि वजन उतरावं, एवढ्यासाठी ते कापलं होतं. लेखाचं शीर्षक मराठीत साधारण असं होईल: 'लठ्ठपणावरचा उपचार म्हणून लहान आतडं कापण्याचं समर्थन करता येईल का?'

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांचा इतिहास बहुतेक ठिकाणी या लेखापासून सुरू होतो. मला त्या शीर्षकातलं प्रश्नचिन्ह फार आवडलं. माणूस ऑपरेशन करून मोकळा झालाय आणि आता चारचौघांत विचारतोय, की मी हे केलं ते बरोबर होतं का?

मी डॉक्टर नाही. बॅकएंडचं काम करणारा इंजिनिअर आहे. या विषयात शिरलो तो मोठ्या मावशीमुळे. २००९ ते २०१५ अशी सहा वर्षं तिच्या जठराभोवती सिलिकॉनचा एक पट्टा होता. तो बसवला तेव्हा मी सातवीत होतो, आणि 'मावशीचं पोट लहान करणार आहेत' एवढंच मला कळलं होतं. पुढे तो घसरला, रात्री-अपरात्री उलट्या सुरू झाल्या, शेवटी दुसऱ्या हॉस्पिटलात तो काढला. गेल्या वर्षी तिच्या शुगरच्या डॉक्टरांनी पुन्हा ऑपरेशनचा विषय काढला, या वेळी वेगळ्या प्रकारच्या. तिनं मला फोन केला. म्हणाली, "तू कम्प्युटरवर बसलेलाच असतोस दिवसभर. जरा शोधून सांग ना, माझ्याबरोबर ज्यांनी ज्यांनी तो पट्टा बसवला त्या बायकांचं पुढे काय झालं?"

प्रश्न साधा वाटला. तासाभराचं काम, असं मी धरून चाललो होतो.

*

सुरुवातीला आतडी होती, जठर नंतर आलं. १९५४ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. लहान आतड्याचा वरचा अर्धा भाग काढला तर प्राणी निभावून नेतो; खालचा अर्धा काढला तर चरबी नीट शोषली जात नाही आणि वजन घटतं. यातून पुढची कल्पना निघाली. आतडं कापून टाकायचं नाही, नुसतं वळण द्यायचं. अन्न जवळच्या रस्त्यानं पुढे जाईल, मधलं आतडं पोटात रिकामं पडून राहील. काही बिघडलं तर पुन्हा जोडता येईल.

लॉस एंजेलिसचे हॉवर्ड पेन आणि लोरेन डीविंड यांनी १९५६पासून हे माणसांवर पद्धतशीर सुरू केलं. लहान आतड्याचा सुरुवातीचा थोडा भाग त्यांनी थेट मोठ्या आतड्याला जोडला. बेत असा होता, की वजन हवं तेवढं उतरलं की दुसरं ऑपरेशन करून जोडणी पूर्ववत करायची. वजन उतरलंच. त्याबरोबर न थांबणारे जुलाब, शरीरातल्या क्षारांचा गोंधळ आणि यकृताचं नुकसान आलं. जोडणी पूर्ववत केली की उतरलेलं वजन परत येई. हा सगळा अनुभव दहाअकरा रुग्णांचा होता, आणि १९६३ साली तो त्यांनी स्वतःच छापला. पुढे ही जोडणी करू नये असंही सांगितलं. इथवर मला त्यांच्याबद्दल आदरच वाटला.

मग त्यांनी आकडे बदलले. मोठ्या आतड्याला जोडायचं सोडून लहान आतड्याच्याच शेवटाला जोडायचं: सुरुवातीचे १४ इंच, शेवटचे ४ इंच. सहा-सात मीटरच्या आतड्यातलं जेमतेम ४५ सेंटिमीटर कामावर, बाकी सुट्टीवर. १९६९मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि सत्तरच्या दशकात अमेरिकेत हजारो लोकांवर ते केलं गेलं. 'चौदा अधिक चार' हे जणू पाककृतीतलं प्रमाण झालं.

या ऑपरेशनचे परिणाम वाचताना मला सगळ्यात जास्त धडकी भरली ती त्यांच्या सावकाशपणाची. न शोषलेली चरबी आतड्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवते. मग ऑक्झलेट मोकळं राहून रक्तात जातं आणि मूत्रपिंडात खडे होतात. त्याला वर्षं लागतात. 'अ' जीवनसत्त्व शोषलं जात नाही. आधी यकृतातला साठा संपतो, मग संध्याकाळचं दिसेनासं होतं. सुट्टीवर पाठवलेल्या त्या लांबलचक आतड्यात जिवाणू वाढतात, त्यातून सांधे धरतात, अंगावर पुरळ येतं, आणि काही जणांचं यकृत हळूहळू निकामी होतं. सर्जनच्या हातून काही चुकलेलं नसतं. टाके उत्तम. सहा महिन्यांनी रुग्ण बारीक होऊन, पेढे घेऊन भेटायला येतो. (पेढे माझे, अमेरिकेत काय नेतात माहीत नाही.) ऑपरेशन फसल्याचं ज्या वेळी कळतं, तोवर रुग्ण सर्जनकडे जायचा थांबलेला असतो. तो सांध्यांसाठी एका डॉक्टरकडे, मूतखड्यासाठी दुसऱ्याकडे आणि यकृतासाठी तिसऱ्याकडे जात असतो.

आणि आणखी एक गोष्ट. जोडणी पूर्ववत करू या, असं सांगितल्यावर अनेक रुग्ण तयार होत नसत. वजन परत येईल ही भीती आजारपणाच्या भीतीहून मोठी होती. संमतीपत्रावरची सही म्हणजे नक्की कशाला दिलेली संमती, हा प्रश्न मला इथे पहिल्यांदा पडला. ज्या माणसाला बसमधल्या सीटपासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत रोज त्याच्या आकारमानाची आठवण करून दिली जाते, तो कशालाही हो म्हणू शकतो. लठ्ठपणा हा रोग आहे असं डॉक्टर म्हणत, पण समाज त्याला दोष मानत होता, अजूनही मानतो. दोषाची दुरुस्ती म्हटली की थोडा त्रास व्हायचाच, असं रुग्णही धरून चालतो.

१९८०च्या आसपास हे ऑपरेशन मागे पडलं. त्यावर कुणी बंदी घातली नाही. सर्जननी ते करणं सोडलं, एवढंच. आणि इथेच मला माझ्या क्षेत्रातलं काहीतरी ओळखीचं दिसायला लागलं.

*

थॅलिडोमाइडच्या प्रकरणानंतर १९६२ साली अमेरिकेनं कायदा बदलला. औषध बाजारात आणण्याआधी ते सुरक्षित आहे एवढंच नाही, तर गुणकारी आहे हेही सिद्ध करणं सक्तीचं झालं. १९७६मध्ये वैद्यकीय उपकरणांसाठी कायदा झाला. ऑपरेशन मात्र दोन्हींत बसलं नाही. गोळीला परवानगी लागते, गोळीच्या आकाराच्या यंत्राला लागते, पण आतडं कुठे कापायचं आणि कुठे जोडायचं यासाठी सर्जनला सरकारकडे अर्ज करावा लागत नाही. 'चौदा अधिक चार' ज्या काळात पसरलं, त्याच काळात एखाद्या नव्या अॅसिडिटीच्या गोळीला वर्षानुवर्षं कागदपत्रं द्यावी लागत होती.

यामागे अगदी लबाडीच आहे असं नाही. प्रत्येक ऑपरेशन थोडं नवीनच असतं. पोट उघडल्यावर आत काय दिसेल हे आधी माहीत नसतं, आणि तिथल्या तिथे बदल करणारा सर्जन हाच चांगला सर्जन. 'आज जरा वेगळा टाका घातला' आणि 'आज नवीन शस्त्रक्रिया शोधली' यांच्यात रेघ कुठे ओढायची, हे ठरवणं खरोखर अवघड आहे. २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये 'आयडियल' नावाची एक चौकट मांडली गेली, नव्या ऑपरेशननं कल्पनेपासून दीर्घकालीन पाहणीपर्यंत कोणकोणत्या पायऱ्या चढाव्यात याची. ती वाचताना मी मान डोलवत होतो. फक्त ती हेन्रिक्सननंतर ५७ वर्षांनी आली, आणि ती पाळण्याची सक्ती नाही.

*

आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन नावाचे सर्जन होते. अल्सरसाठी जठराचा काही भाग काढलेल्या बायकांचं वजन कमी होतं आणि पुन्हा सहजी वाढत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. १९६६मध्ये त्यांनी आणि चिकाशी इतो यांनी जठराचा बायपास सुरू केला: वरच्या बाजूला छोटी पिशवी करायची आणि ती आतड्याला जोडायची. आज जगभर होणाऱ्या गॅस्ट्रिक बायपासचा हा पूर्वज.

मेसन मला आवडले ते दुसऱ्या कारणासाठी. १९७१च्या सुमारास त्यांनी सोपी पद्धत काढली, जठर नुसतं आडवं विभागायचं. वजन पुरेसं उतरेना. त्यांनी तसं सांगून ती सोडली. १९८०मध्ये उभे टाके आणि खाली पक्की पट्टी अशी नवी पद्धत आणली. आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी आयोवात एक नोंदवही सुरू केली, देशभरच्या सर्जननी आपापल्या रुग्णांची माहिती तिथे पाठवायची. स्वतःच्या शोधाविरुद्ध पुरावा गोळा होईल अशी सोय त्यांनी स्वतःच केली. मेसन १०० वर्षं जगले, २०२०च्या अखेरीस वारले.

मोजत राहण्यातून किती मोठी गोष्ट हाती लागू शकते, त्याचं उदाहरण नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलचं. वॉल्टर पोरीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौदा वर्षांत ६०८ रुग्णांवर गॅस्ट्रिक बायपास केला आणि जवळपास सगळ्यांचा माग ठेवला. त्यातले १४६ जण मधुमेही होते. १४६पैकी १२१ जणांची साखर नॉर्मलला आली आणि राहिली. १९९५च्या त्यांच्या लेखाचं शीर्षक 'कुणाला वाटलं होतं?' अशा धाटणीचं आहे. वजनाचं ऑपरेशन मधुमेहाचं ऑपरेशन ठरलं, ते या चिकाटीमुळे. दोन वर्षांनी फाइल बंद केली असती, तर बारीक झाल्यामुळे साखर तात्पुरती उतरली, एवढंच कुणीतरी म्हटलं असतं.

*

आता पुन्हा गॉथेनबर्गला जाऊ. १९८७ साली तिथल्या लार्स शोस्ट्रोम यांनी 'स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स' हा अभ्यास सुरू केला. प्रश्न मुळातला होता: या ऑपरेशनांमुळे माणसं जास्त जगतात का? वजन उतरतं हे दिसत होतं, आयुष्य वाढतं हे कुणालाच माहीत नव्हतं. खात्रीचं उत्तर हवं तर चिठ्ठ्या टाकून निम्म्यांचं ऑपरेशन करायचं, निम्म्यांचं नाही. पण नीतिसमित्यांनी त्याला परवानगी दिली नाही. तोवरच्या काळात या ऑपरेशनांतला मृत्युदर इतका होता, की चिठ्ठीच्या भरवशावर माणसाला टेबलावर पाठवणं त्यांना अनैतिक वाटलं.

मी या मुद्द्यावर बरेच दिवस अडकलो होतो. समितीचं म्हणणं चूक नाही. पण परिणाम काय झाला ते बघा. अभ्यासात राहून चिठ्ठी टाकायला मनाई. अभ्यासाबाहेर तेच ऑपरेशन करायला कुणाची परवानगी लागतच नव्हती. ज्ञान मिळवणाऱ्यावर बंधन आणि न मिळवता काम करणाऱ्याला मोकळं रान. हे त्या समित्यांचं पाप नव्हे, पण विचित्र आहे खरं.

शोस्ट्रोम यांनी दुसरी वाट काढली. २५ शस्त्रक्रिया विभाग, ४८० प्राथमिक आरोग्य केंद्रं, एकूण ४०४७ माणसं. ज्यांनी स्वतःहून ऑपरेशन निवडलं ते २०१०, आणि त्यांच्याशी मिळतेजुळते, ऑपरेशन न केलेले २०३७. मग वीस वर्षं वाट पाहिली. २००७मध्ये निकाल आला: सरासरी अकरा वर्षांच्या पाठपुराव्यात ऑपरेशन न केलेल्यांत १२९ मृत्यू, केलेल्यांत १०१. आकडे असे मांडले की फरक छोटा वाटतो. पण ऑपरेशन माणसाचं आयुष्य वाढवतं असं म्हणायला पहिला भक्कम आधार हाच. हेन्रिक्सनच्या प्रश्नाला ५५ वर्षांनी, त्याच्याच शहरातून मिळालेलं हे उत्तर.

त्यात एक खोच आहे. त्या २०१० जणांपैकी १३६९ जणांवर झाली होती ती मेसन यांची उभ्या टाक्यांची पद्धत. २००७ येईपर्यंत ती जवळजवळ कुणीच करत नव्हतं. पुरावा आला तो जुन्या आवृत्तीचा; दुकानात तोवर नवी लागली होती. आमच्याकडे हे रोज होतं. व्हर्जन दोनचे बग पूर्ण कळेपर्यंत व्हर्जन चार लाइव्ह असतं आणि दोन वापरणाऱ्यांना सांगतात, 'अपडेट करा.' फोन अपडेट होतो. जठर होत नाही.

*

मधल्या काळात फुगाही येऊन गेला. १९८५मध्ये अमेरिकेत पोटात सोडायच्या एका फुग्याला मान्यता मिळाली, हजारो लोकांत तो बसवला गेला. मग काही डॉक्टरांनी करायला हवी होती ती चाचणी केली: निम्म्यांना फुगा, निम्म्यांच्या घशातून नुसतीच दुर्बीण घालून बाहेर काढली, आहार दोघांना सारखाच. वजन दोन्हीकडे सारखंच उतरलं. शिवाय फुगे आतच फुसके होऊन आतड्यात अडकत होते. १९८७मध्ये फ्लोरिडातल्या टार्पन स्प्रिंग्ज गावी तज्ज्ञ जमले आणि चांगला फुगा कसा असावा याची यादी केली: गुळगुळीत असावा, टिकाऊ असावा, एक्स-रेत दिसावा. रिलीज आधी, स्पेसिफिकेशन नंतर. हसू येतं, पण आपल्या पोटात नसतो म्हणून.

*

मावशीचा पट्टा म्हणजे अॅडजस्टेबल बँड. लुबोमिर कुझमाक यांनी ऐंशीच्या दशकात अमेरिकेत हवा तसा सैल-घट्ट करता येणारा सिलिकॉनचा पट्टा आणला. १९९३मध्ये बेल्जियममध्ये मितिकू बेलाच्यू यांनी तो दुर्बिणीतून बसवला. जठराच्या वरच्या टोकाला हा पट्टा बसतो, त्याची नळी कातडीखालच्या छोट्या पोर्टला जोडलेली. पोर्टमध्ये सुईनं सलाईन भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. काही कापायचं नाही, काही जोडायचं नाही, नको झालं तर काढता येतो. यादी वाचली तर सगळ्यात नैतिक ऑपरेशन हेच वाटावं. मावशीला डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं.

तिच्या भाषेत त्याचं वर्णन असं: "भात जायचा, वरण जायचं, आइस्क्रीम तर मस्त जायचं. पोळीचा घास मात्र दाराशी उभा राहायचा." लग्नात ती पानावर बसायची आणि ताक पिऊन उठायची. पहिल्या दोन वर्षांत सोळा किलो उतरले. तिसऱ्या वर्षी आकडा थांबला, चौथ्या वर्षी परत चढू लागला. तोवर पोर्टमध्ये सलाईन भरणारे डॉक्टर दुसऱ्या शहरात गेले होते. हॉस्पिटलातून एकदाही फोन आला नाही. तीही गेली नाही. "कशाला जायचं? मीच काहीतरी चुकीचं खात असणार, असंच वाटायचं." हे वाक्य मी तेव्हापासून विसरलेलो नाही.

२०११च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या एफडीएनं हा बँड वापरण्याची मर्यादा सैल केली. आता त्याहून कमी लठ्ठ माणसांनाही, बरोबर एखादा आजार असेल तर, तो बसवता येणार होता. आधार होता कंपनीनं केलेल्या १४९ लोकांच्या अभ्यासाचा. त्याच वर्षी ब्रसेल्सच्या जाक हिम्पेन्स आणि सहकाऱ्यांचा लेख आला. १९९४ ते १९९७ या काळात ज्या १५१ जणांना आपल्याकडे बँड बसवला, त्यांना बारा-तेरा वर्षांनी परत गाठायचं त्यांनी ठरवलं. ८२ जण सापडले. त्यातल्या जवळपास निम्म्यांचा बँड काढावा लागला होता. दर चारांत एकाहून जास्त जणांत पट्टा जठराच्या भिंतीत रुतत गेला होता. आणि तरीही साठेक टक्के लोक म्हणाले, आम्ही समाधानी आहोत.

हा आकडा मी मावशीला सांगितला तेव्हा ती म्हणाली, "मलाही विचारलं असतं तर मीही समाधानीच म्हटलं असतं. डॉक्टर किती गोड बोलायचे."

बेल्जियमच्या त्या सर्जनना मी मेसनच्या पंगतीत बसवतो. आपलं काम किती टिकलं ते त्यांनी स्वतः शोधलं आणि वाईट उत्तर छापलं. पण माझं लक्ष राहून राहून उरलेल्या ६९ जणांकडे जातं. १५१ वजा ८२. ते कुठल्याच टक्केवारीत नाहीत. आणि लक्षात घ्या, हे एका छोट्या देशातल्या, चिकाटीनं शोध घेणाऱ्या टीमचं झालं. मावशी ज्या रांगेत उभी होती तिथले किती जण मोजले गेले? मला एकही आकडा सापडला नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी तासाभरात आणणार होतो, चार महिने झाले.

*

आज सगळ्यात जास्त होणारं ऑपरेशन म्हणजे स्लीव्ह: जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून टाकायचा, केळ्याच्या आकाराची नळी ठेवायची. हे स्वतंत्र ऑपरेशन म्हणून कुणी योजलेलं नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये मिशेल गान्ये अतिलठ्ठ रुग्णांवर एक मोठी, धोक्याची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करत होते. धोका कमी करायला तिचे दोन भाग केले: आधी जठर लहान करायचं, काही महिन्यांनी आतड्याचं काम. काही रुग्णांचं वजन पहिल्या भागातच इतकं उतरलं, की ते दुसऱ्यासाठी आलेच नाहीत. अर्धवट राहिलेलं काम हेच उत्पादन झालं. मला यात वाईट काही वाटत नाही. अपघातानं सापडलेल्या कितीतरी गोष्टी चांगल्या निघाल्या. मात्र बँड काढता येतो, बायपास खटपट करून उलटवता येतो. कापून बादलीत टाकलेलं जठर परत मिळत नाही. मावशीला आता हेच सुचवलंय.

आपल्याकडे हे ऑपरेशन बातम्यांतून घराघरांत पोचलं. २०११मध्ये नितीन गडकरींनी मुंबईत ते करून घेतलं आणि आमच्या सोसायटीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. २०१७मध्ये, मी इंजिनिअरिंगला असताना, ५०० किलो वजन असल्याचं सांगितली गेलेली इजिप्तची एक तरुणी मालवाहू विमानातून मुंबईला आणली गेली. क्रेनचे फोटो आम्ही हॉस्टेलवर फॉरवर्ड केले, त्यावर केलेले विनोद आठवले की आता लाज वाटते. रोज किलोंचा आकडा टीव्हीवर. मग तिच्या बहिणीनं त्या आकड्यांवर जाहीर शंका घेतली, हॉस्पिटलनं ती फेटाळली, मे महिन्यात तिला अबू धाबीला नेलं आणि सप्टेंबरमध्ये ती तिथे वारली. कोण खरं बोलत होतं हे ठरवणारा मी कोण? पण उपचार आणि प्रक्षेपण एकाच वेळी चालू असलं की प्रत्येक आकडा जाहिरात होतो किंवा आरोप, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

आणि दरवाजा रुंदावतोच आहे. १९९१मध्ये अमेरिकेत ठरलेली सीमा होती बीएमआय ४०, किंवा सोबत आजार असेल तर ३५. २०२२मध्ये ती खाली आली. आशियाई लोकांना २७.५पासून हे ऑपरेशन देऊ करावं असं आता सर्जनच्या आंतरराष्ट्रीय संघटना म्हणतात. यामागे कारण आहे: आपल्या शरीरात कमी वजनालाही मधुमेह घर करतो. पण २७.५ म्हणजे किती, ते मी कॅल्क्युलेटरवर काढलं. पाच फूट पाच इंच उंचीला पंचाहत्तर किलो. माझ्या टीममधल्या स्टँडअप मीटिंगला निम्मी माणसं या दारात उभी आहेत, मी धरून.

*

नव्या सर्जनकडे मी मावशीबरोबर गेलो होतो. ऑपरेशन कसं करतात ते त्यांनी छान समजावलं, पडद्यावर अॅनिमेशन दाखवलं. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डॉक्टर, तुम्ही सुरुवातीला ज्या पन्नास जणांचं केलंत, ते आता कसे आहेत?"

ते जरा थांबले. मग म्हणाले, "निम्म्यांचं सांगू शकेन. बाकीच्यांचे नंबर बदलले." बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, माणूस बरा वाटतो. अजून तिनं काही ठरवलेलं नाही.

तिच्याकडे एक वही आहे. पट्टा बसवल्यापासून काढेपर्यंत, दर सोमवारी सकाळी चहाच्या आधी, तिनं वजन लिहून ठेवलंय. मधले काही सोमवार सुटलेत, तरी पावणेतीनशेच्या आसपास नोंदी आहेत, आणि पुढे बारीक अक्षरात शेरे: 'पोळी अडकली', 'रात्री दोनदा उलटी', 'ताईकडे गेले, खाल्लं नाही', 'सलाईन भरलं, छान वाटतंय'. सहा वर्षांत तिच्याकडे ही वही कुणी मागितली नाही. गेल्या महिन्यात मी ती घरी आणली आणि एक्सेलमध्ये भरायला घेतली. तीन रकाने: तारीख, वजन, शेरा.

"कुणाला पाठवणार आहेस हे?" तिनं विचारलं.

"आधी नव्या डॉक्टरांना."

"मग शेवटचं पान नको पाठवू," ती म्हणाली. "त्यावर तुझ्या मामाला दिलेल्या पैशांचा हिशेब आहे."